मुका ट्रान्समीटर

पुणे, रविवार

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या फोटोतला डबा मार्कोनीचा टी-११५४ च आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश बॉम्बर विमानांतला वायरलेस ट्रान्समीटर, शंका नको. रंगांवरूनच ओळखला. ते रंग हौसेचे नाहीत बरं का. निळे नॉब साडेपाच ते दहा मेगाहर्ट्झचे, लाल तीन ते साडेपाचचे आणि पिवळे २०० ते ५०० किलोहर्ट्झचे. अंधुक उजेडात ऑपरेटरचा हात भलतीकडे जाऊ नये, एवढाच हेतू. शिवाय आधी ठरवून ठेवलेल्या जागी नॉब खट्‌कन अडकतो. तुझ्या संचात तो अजून अडकतो का, फिरवून बघ.

लँकॅस्टर बॉम्बरमध्ये हा आणि त्याचा जोडीदार आर-११५५ रिसीव्हर वायरलेस ऑपरेटरसमोर असत. गरम हवेचं तोंड नेमकं त्याच्याच जागेपाशी. म्हणजे शेपटाकडचा गनर थंडीने काकडतोय आणि हे महाशय घामाघूम!

तू विचारलंस, याची रेंज किती मिळायची. अरे, जर्मनीवर जाणाऱ्या बॉम्बरसाठी तो प्रश्न फारसा उरतच नव्हता, कारण वाटेत बहुतेक वेळ हा डबा मुकाट असायचा. मोर्स-की (संदेश पाठवायची कळ) दाबली, तर जर्मनांना पत्ता लागलाच. एवढंच कशाला, हल्ल्याच्या दिवशी इंग्लंडमधल्या तळांवर संच तपासायला चालू केले, तरी पलीकडे कान लावून बसलेले जर्मन ते टिपायचे आणि आज रात्री पाहुणे येणार हे ताडायचे. त्यामुळे ऑपरेटरचं खरं काम ऐकण्याचं. दर अर्ध्या तासाने मुख्यालयाकडून येणारा संदेश लॉगमध्ये उतरवायचा. वाऱ्याचा वेग मोजून कळवायला नेमलेली मोजकी विमानं सोडली, तर बाकीच्यांनी तोंड उघडायचं ते जिवावर बेतल्यावरच. विमान समुद्रात उतरवायची पाळी आली, की एसओएस पाठवून मोर्स-की दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकायची, म्हणजे किनाऱ्यावरच्या केंद्रांना शेवटपर्यंत विमानाची दिशा घेता यायची.

पण १९४२ च्या अखेरीस कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ‘टिन्सेल’ निघालं. विमानाच्या इंजिनाजवळ एक मायक्रोफोन बसवला. ऑपरेटरने रिसीव्हरवर नेमून दिलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा चाळायचा. जमिनीवरचा जर्मन नियंत्रक आपल्या नाइटफायटरला (रात्री बॉम्बर शोधणाऱ्या लढाऊ विमानाला) वाट सांगताना सापडला, की ट्रान्समीटर त्याच फ्रिक्वेन्सीवर आणायचा आणि इंजिनाची घरघर थेट त्याच्या कानात सोडायची. इतका साधा, इतका खट्याळ उपाय! मला तर या संचाच्या सगळ्या कारकिर्दीत हाच प्रकार सर्वांत आवडतो.

जर्मनही गप्प बसणारे नव्हते. ते व्हीएचएफवर, म्हणजे आणखी वरच्या फ्रिक्वेन्सींवर सरकले. तिथे टी-११५४ चा हात पोचेना. मग लिंकनशायरमधल्या लडफर्ड मॅग्नाच्या १०१ स्क्वाड्रनच्या लँकॅस्टरवर वेगळे जॅमर, म्हणजे शत्रूचं बोलणं गोंगाटात बुडवणारे संच, बसवले. नाव ‘एअरबोर्न सिगार’, सुरुवात ऑक्टोबर १९४३. तीन ट्रान्समीटर, पाठीवर दोन उंच एरियल, आणि नेहमीच्या सात जणांत एक आठवा माणूस, ज्याला जर्मन कळतं. तो मागे एकटाच, पडद्यावर उमटणारे सिग्नल बघायचा, ऐकून खात्री करायचा, मग त्यावर आवाज सोडायचा. यांतले काही जण हिटलरच्या राज्यातून पळून आलेले ज्यू होते, नावं बदलून भरती झालेले. पकडले गेले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको. विमानात बॉम्बही असायचेच, त्यातून सुटका नव्हती. स्क्वाड्रनची हानीही फार जबर झाली.

युद्ध संपल्यावर हे संच ब्रिटनमध्ये भंगाराच्या भावात निघाले. आर-११५५ हौशी मंडळींनी घरी नेले, कापले, जोडले, रेडिओ म्हणून वापरले. टी-११५४ ला मात्र तेवढी मागणी नव्हती. याला १२०० व्होल्ट लागतात, विमानात ते बॅटरीवरच्या फिरत्या यंत्रातून यायचे. घरी कोण तेवढा खटाटोप करणार?

तू करणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगतो, उगाच कापाकापी करू नकोस. पीटी-१५ व्हॉल्व्ह काचेसकट शाबूत आहेत का, ते आधी पाहा. जुने कंडेन्सर तपासल्याशिवाय वीज देऊ नकोस, आणि दिलीस तर एक हात खिशात ठेव, म्हणजे झटका बसलाच तर तो एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जाणार नाही. पेटीला चुंबक चिकटतं का तेही कळव. काही आवृत्त्या अ‍ॅल्युमिनियमच्या होत्या, काही पोलादी. आणि मागच्या प्लेटचा स्वच्छ फोटो पाठव, तू पाठवलेल्यात तुझा अंगठाच जास्त दिसतोय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शरद