जावाची सुरुवात व्याख्यांनी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक पदविकेच्या विद्यार्थ्यांना मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. तोंडी परीक्षेत एन्कॅप्सुलेशन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमधील संकल्पनांच्या व्याख्या ही मुले घडाघडा म्हणून दाखवतात. मात्र एक क्लास, म्हणजे आराखडा, लिहून त्याचे दोन ऑब्जेक्ट, म्हणजे त्या आराखड्यावरून घडलेल्या वस्तू, तयार करा, असे म्हटले की बरीचशी गप्प होतात. दोष त्यांचा नाही, आपण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करून देतो.

पहिल्याच तासाला फळ्यावर ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ ही, प्रोग्राम जिथून सुरू होतो ती ओळ येते आणि ‘सध्या पाठ करा, पुढे समजेल’ असे सांगितले जाते. वास्तविक स्टॅटिक म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणारा भाग. मेनमधून क्लासचे स्टॅटिक नसलेले व्हेरिएबल थेट वापरले की प्रोग्रामचे भाषांतर करणारा कंपायलर हरकत घेतो, विद्यार्थी त्यालाही स्टॅटिक लावून मोकळा होतो, आणि बघता बघता सगळा प्रोग्राम एकाही ऑब्जेक्टविना उभा राहतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून ‘पब्लिक स्टॅटिक’ लिहिण्याची सक्ती उरलेली नाही. नुसते ‘व्हॉइड मेन’ लिहूनही प्रोग्राम चालतो. ओपन जेडीके हा जावाचा संच विनामूल्य मिळतो, तेव्हा महाविद्यालयांनी प्रयोगशाळेत ही आवृत्ती बसवून घ्यावी.

मग व्याख्यांऐवजी एसटीची गाडी घ्यावी. ४४ आसनांची बस हा क्लास. सकाळची आणि दुपारची गाडी हे त्याचे दोन ऑब्जेक्ट. रिकाम्या आसनांचा आकडा आधी मुद्दाम पब्लिक, म्हणजे बाहेरून कोणालाही बदलता येईल असा, ठेवावा. वर्गातले कोणीतरी तो उणे ३ करून दाखवतेच. नंतर तोच आकडा प्रायव्हेट, म्हणजे फक्त क्लासच्या आतून बदलता येणारा, करून तिकीट देणाऱ्या मेथडमध्ये (क्लासमधील कृतीमध्ये) तपासणी घातली, की ४५ वे तिकीट निघत नाही, आणि सकाळची गाडी भरली तरी दुपारच्या गाडीतील जागा तशाच राहतात, हे मुलांना पडद्यावर दिसते. एन्कॅप्सुलेशन हा शब्द त्यानंतर सांगावा. इनहेरिटन्सची, म्हणजे एका क्लासवरून दुसरा घडवण्याची, तर मुळीच घाई नको. क्लास आणि ऑब्जेक्टची ही विचारपद्धती अशाच कामातून जन्मली आहे: रांगा, वाहतूक अशा व्यवस्थांची संगणकावर नक्कल करता यावी म्हणून नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर यांनी सिम्युला भाषा घडवली आणि तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास ही संकल्पना आली.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना विनंती आहे की, जर्नलमध्ये उतरवून काढलेल्या व्याख्यांना गुण देण्याऐवजी प्रात्यक्षिक परीक्षेत चालू स्थितीतील एक क्लास द्यावा आणि त्यात, उदाहरणार्थ, आरक्षण रद्द करण्याची मेथड विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावी.

आपली,
एक अध्यापिका, सातारा