स्प्लिट कीबोर्ड घेण्याआधी ‘ड’ कुठे बसणार ते बघा

मा. संपादक,

दोन भागांत विभागलेले, बिनतारी मेकॅनिकल कीबोर्ड आता कोल्हापुरातही डीटीपी करणाऱ्यांना आणि वकिलांकडच्या टायपिस्टना खुणावू लागले आहेत. खांदे आखडत नाहीत, मनगट वाकडे होत नाही, हे खरेच आहे. पण त्यांच्याविषयीची बहुतेक माहिती इंग्रजी टायपिंग गृहीत धरून लिहिलेली असते. इन्स्क्रिप्ट पद्धतीने, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराचे बटण ठरलेल्या मांडणीत, मराठी लिहिणाऱ्याचे नेमके कुठे अडते, ते पैसे मोजण्याआधी कळावे म्हणून हे पत्र.

‘कॉर्न’ हा लोकप्रिय आराखडा ४२ बटणांचा आहे. त्यात आकड्यांची ओळ नाही आणि उजवीकडे ‘पी’च्या पुढे एकच बटण आहे. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच जागी ड-ढ, मग नुक्ता आणि ञ, त्यापुढे ॉ येतो. ृ तर आकड्यांच्या ओळीत, बरोबरच्या चिन्हावर. ‘पी’च्या पुढच्या त्या एका बटणावर सहसा बॅकस्पेस दिलेली असते. ती अंगठ्याखाली न्यावी आणि तिथे डावा चौकोनी कंस ठेवावा. ‘ड’ हाताच्या सवयीच्या जागी परत येतो. ॉ, ृ, ञ मात्र दुसऱ्या थरातच, म्हणजे वेगळे बटण दाबून धरल्यावर मिळणाऱ्या मांडणीतच, ठेवावे लागतात. ५८ बटणांच्या ‘लिली’त आकड्यांची ओळ मिळते, पण ‘पी’च्या उजवीकडे तिथेही एकच उभी रांग असते. फोनेटिक पद्धतीने, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांवरून, लिहिणाऱ्यांना यातली बरीचशी अडचण येत नाही.

हे बदल ‘झेडएमके’ या मुक्त फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आत चालणाऱ्या प्रणालीत, करता येतात. तिथे देवनागरी अक्षर लिहायला जाऊ नये. कीबोर्ड फक्त बटणाचा संकेत पाठवतो, अक्षर संगणक ठरवतो. म्हणून ‘ड’साठी डाव्या कंसाचा ‘एलबीकेटी’ हा संकेत द्यायचा आणि विंडोजमध्ये ‘मराठी’ निवडायचे. ‘मराठी फोनेटिक’ची मांडणी वेगळी आहे.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो मधल्या ओळीवर शिफ्ट-कंट्रोल बसवल्याने. एकच बटण टिचकी मारली तर अक्षर आणि दाबून धरले तर कंट्रोल, अशी ही सोय आहे. इंग्रजीत ती चालून जाते. इन्स्क्रिप्टमध्ये मात्र ‘डी’वर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आहे, म्हणजे बहुतेक जोडाक्षरे तिथूनच जातात. मूळ स्थितीत हे बटण सुटण्याआधी पुढचे दाबले गेले की झेडएमके कंट्रोल समजते. ‘कोल्हापूर’ लिहिताना ‘ह’ऐवजी कंट्रोल-यू जाते, वर्डमध्ये ‘कोलापूर’ उमटते आणि मधूनच अधोरेखा सुरू होते. आधीच्या बटणानंतर १५० मिलिसेकंदांच्या आत आलेली दाब टिचकीच समजावी, अशी मर्यादा घालता येते. जलद हाताला ती पुरते. पण मिनिटाला ३० शब्दांचा वेग म्हणजे, पाच बटणांचा एक शब्द धरला तर, दोन बटणांत सरासरी ४०० मिलिसेकंद. अशा टायपिस्टला ती मर्यादा निरुपयोगी. आमचे स्पष्ट मत असे की हलन्ताच्या बटणाला दुसरे कोणतेही काम देऊ नये. कंट्रोल अंगठ्याकडे न्यावा.

शिफ्टही अंगठ्याकडेच हवी, कारण ख, घ, ध, भ, ळ, ण, श आणि सगळे सुटे स्वर तिच्यावर अवलंबून आहेत. एकदा दाबून सोडायची ‘स्टिकी’ शिफ्ट करंगळीचे कष्ट वाचवते. तिच्यात ‘क्विक रिलीज’, म्हणजे पुढचे बटण दाबले जाताच शिफ्ट सुटण्याची सोय, जरूर चालू करावे. नाहीतर जलद लिहिताना ‘भात’चे ‘भआत’ होते.

आता सांगाड्याविषयी. उद्यमनगरात हवा तसा पत्रा कापून मिळतो, म्हणून मापे देतो. एमएक्स प्रकारच्या स्विचसाठी (बटणाच्या कॅपखालचा भाग) १४ मिमी चौरस भोक, मध्यापासून मध्यापर्यंत १९.०५ मिमी अंतर आणि १.५ मिमी जाडी. ३ मिमी अॅक्रिलिकमध्ये स्विचचे खटके अडकत नाहीत, कॅप ओढली की स्विचच वर येतो. अॅल्युमिनियमचा पूर्ण बंद डबा करू नये. ब्लूटूथचा अँटेना धातूने झाकला गेला की अक्षरे गळतात. त्या बाजूला प्लास्टिकची खिडकी ठेवावी.

बॅटरी बहुधा ११० एमएएचची लिथियम पॉलिमर असते. जोडणीच्या टोकांना एकच प्रमाण नाही, म्हणून तारेच्या रंगावर विसंबू नये. मल्टिमीटरने धन-ऋण तपासावे. उलटी जोडली तर कंट्रोलर जळतो. एक भाग लवकर उतरतो हा दोष नव्हे: तोच संगणकाशी आणि दुसऱ्या भागाशी, दोघांशी बोलत असतो. संगणकाशी जोडणी बिघडली तर ती संगणकातून आणि कीबोर्डमधून, दोन्हीकडून पुसावी. एकाच बाजूने पुसली तर पुन्हा जुळत नाही.

शहरातल्या विक्रेत्यांना विनंती आहे की दुकानात ठेवलेल्या नमुन्यात मराठीची मांडणी भरून ठेवावी. ग्राहकाने ‘कृषी, डॉक्टर, झाड, ज्ञान’ हे चार शब्द तिथेच लिहून पाहावेत.

– कीबोर्ड जोडणी व दुरुस्ती करणारे वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर