येताना पुरणयंत्र आणा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मनूला सहा महिने पूर्ण झाले. अनघाने सगळी रजा बाळंतपणानंतरच घेतली होती, ती आता संपतेय. २०१७ साली कायद्याने १२ आठवड्यांची रजा २६ केली हे चांगलंच, पण पोरीचं जेवण सुरू व्हायला आणि आईचं ऑफिस सुरू व्हायला एकच गाठ पडते! दुपारचं भरवणं आता माझ्याकडे, आणि तुम्ही आलात की तुमच्याकडे. फोनवर बोलताना मागे टीव्ही चालू असतो, निम्मं राहून जातं. म्हणून लिहितोय.

आधी काय आणायचं ते. आई, पुरणयंत्र आण, बारीक भोकांच्या जाळीसकट. इथे दुकानात ‘बेबी फूड मेकर’ म्हणून जे विकतात ते काम आपलं पुरणयंत्रच करतं, आणि मिक्सरपेक्षा बरं करतं. मिक्सरमध्ये भात-वरण फिरवलं की त्याची खळ होते. बाळाच्या जिभेला थोडा रवाळपणा लागायला हवा. आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत गाठी-गोळ्यांची सवय झाली नाही तर पुढे मुलं घास थुंकतात. उकडलेलं रताळं, भोपळा, मऊ खिचडी यंत्रातून काढायची, पुढे नुसती काट्याने मोडायची.

दुसरं म्हणजे तुझं नाचणीचं सत्त्व. विकतचं नको, तू करतेस तेच: भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, हलकं भाजून दळलेलं. मोड आणलेल्या पिठाची लापशी फार चिकट होत नाही, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त घालता येतं. मनूचं पोट तिच्या मुठीएवढं, त्यात पाणी भरून काय उपयोग? याच कारणासाठी डाळीचं वरचं पाणी देऊ नकोस. डाळ खाली राहते आणि बाळाला पिवळं पाणी मिळतं. डाळच घोटून दे, वर तूप सोड. चमचा तिरपा केला तर लगेच ओघळता कामा नये, इतकं घट्ट. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा या वयात संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह कमी असतं. म्हणून डाळ, नाचणी, अंडं हवंच. मासेही चालतील. मुडदुशे मिळाले तर उकडून, काटा काढून आणि तरीही बोटांनी चाचपून बघून. दूध थांबवायचं नाही, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू शकतं.

आता नको त्या गोष्टी. रागावू नकोस.

मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही. गुटी उगाळताना बोटभरसुद्धा नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र रुजतात आणि विष तयार करतात. त्याने अंग लुळं पडतं, श्वासही अडतो. मध घरचा असो, कातकऱ्याकडचा असो, उकळलेला असो, फरक पडत नाही. मीठ, साखर, गूळ हेही वर्षभर नाही. तिला अळणी लागत नाही, अळणी आपल्याला लागतं.

बोंडलं, म्हणजे दूध पाजायचं ते नळीचं भांडं, आणलंस तर जपून ठेवू, पण त्याने भरवायचं नाही. बाळाला आडवं धरून घशाशी ओतलं की श्वासनलिकेत जातं, आणि नळीच्या आतली घाण दिसतही नाही. पाण्यासाठी छोटं भांडं पुरे, थोडं सांडेल. बाटलीही नको.

बाबा, तुम्ही खुर्ची घेऊन येणार म्हणालात. घ्यायचीच तर पाय टेकवायला फळी असलेली, पट्टा असलेली आणि पुढचा ट्रे काढून धुता येणारी घ्या. पाय लोंबकळले की मुलं चुळबुळतात. नसेल तशी मिळत तर राहू द्या, मांडी आहे. वॉकर मात्र नको. बाकी खिसा असलेलं सिलिकॉनचं लाळेरं आम्ही घेतलंय, ते एक खरंच कामाचं निघालं. खाली तुमची जुनी लुंगी अंथरू.

दाण्याचं कूट आणा, अगदी बारीक केलेलं. दाणे लवकर खायला घातल्याने त्यांची ॲलर्जी कमी होते, असं लंडनमध्ये झालेल्या अभ्यासातून २०१५ साली समोर आलं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, द्राक्ष उभं चार फोडी करून. खाताना ती ओकारी काढेल, डोळ्यांत पाणी येईल, चेहरा लाल होईल. आवाज येतोय तोवर घाबरायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही. आवाजच थांबला तर हातावर पालथी धरून, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणी करून छातीवर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब. हे आल्यावर मी बाहुलीवर दाखवेन.

चिऊचा घास, काऊचा घास चालेल, मोबाइल दाखवून भरवायचं नाही. तिने तोंड फिरवलं की संपलं. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुष्कळ झाले. उरलेलं बाबांनी संपवावं, मीठ घालून.

मांडवी एक्सप्रेसचं तिकीट काढलं की कळवा. ठाण्याला घ्यायला येतो. रत्नागिरीहून निघताना पुरणयंत्र खालच्या पिशवीत ठेवा, वरची पिशवी बाबा उचलणार आहेत.

तुमचा,
बाळ्या