अनू, आधी लीजच्या तारखेचं बघ

कोल्हापूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, इकडं इंग्लंडात नवीन कायदा येतोय, थोडं थांबलं तर लीज स्वस्तात वाढेल." मी नुसतं हं हं केलं, कारण आई फोन ओढून घेत होती. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिकडं फ्लॅट विकत घेतला तरी तो जमीनमालकाकडून ठरावीक वर्षांच्या लीजवरच असतो, म्हणून सकाळी तू पाठवलेल्या त्या लीजची प्रिंट काढून आणली आणि गॅलरीत चष्मा लावून बसलो.

एजंटानं तुम्हाला ब्याऐंशी वर्षं शिल्लक आहेत म्हणून सांगितलं होतं ना? लीजमध्ये मुदत १२५ वर्षांची आहे, पण ती २५ डिसेंबर १९८१ पासून. तुम्ही मे महिन्यात फ्लॅट घेतलात त्याचा या मोजणीशी काही संबंध नाही. म्हणजे आज ८१ वर्षं आणि वर दीड महिना. पुढच्या वर्षी नाताळ आला की ८० वर आलीस. आणि तिथल्या कायद्यात सगळी ग्यानबाची मेख त्या ८० मध्येच आहे.

ऐंशीच्या वर मुदत असताना लीज वाढवून मागणारी नोटीस दिली, तर 'मॅरेज व्हॅल्यू' द्यावी लागत नाही. (मला आधी वाटलं, हा हुंड्याचाच प्रकार आहे की काय!) लीज वाढवल्यावर तुझा हिस्सा आणि जमीनमालकाचा हिस्सा यांची मिळून जी किंमत वाढते, त्या वाढीला ते हे नाव देतात. ऐंशीच्या खाली गेलं की त्यातला निम्मा वाटा त्याचा. समज वाढ २० हजार पौंडांची झाली, तर नेहमीच्या रकमेवर आणखी १० हजार. एका दिवसाच्या फरकानं.

तू म्हणतेस तो २०२४ चा कायदा मी नाकारत नाही. त्यात ही मॅरेज व्हॅल्यू काढून टाकायची आणि लीज ९० ऐवजी ९९० वर्षांनी वाढवून द्यायची तरतूद आहे. जमीनमालक त्याविरुद्ध हायकोर्टात गेले आणि गेल्या महिन्यात हरले, तेही वाचलं. पण कायदा पास होऊन दीड वर्ष झालं, तरी ती कलमं अजून लागू झालेली नाहीत, आणि अपिलाचा रस्ता आहेच. त्यातलं एक कलम मात्र तुझ्या नशिबानं वेळेत लागू झालंय. पूर्वी फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षं थांबल्याशिवाय लीज वाढवून मागताच येत नव्हती. ती अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली. ती असती तर तुझी पाळी २०२७ च्या मे मध्ये आली असती, म्हणजे ऐंशीची रेषा ओलांडून गेल्यावर. मिळालेला तेवढा फायदा पदरात पाडून घे. बाकीच्या कलमांची वाट दुसऱ्या कुणाला बघू दे.

तुला आबांच्या उद्यमनगरातल्या गाळ्याचं माहीत नाही. तीस वर्षांचा करार होता. त्यात एक ओळ होती, की मुदतवाढ हवी असेल तर सहा महिने आधी लेखी कळवावं. आबा म्हणायचे, मालक घरचाच माणूस आहे, तोंडी बोललोय. कागद ट्रंकेत साड्यांखाली होता. मुदत संपल्यावर मी तो काढला, तेव्हा घडीवर वाळवीनं जाळी केली होती, पण ती ओळ अगदी स्वच्छ वाचता येत होती. भाडं तिप्पट झालं. मालकाला मी दोष देत नाही, त्यानं करार वाचला होता.

तर तुझं आता असं. आधी तिथल्या लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव लागलंय का ते बघ. आपल्याकडं सिटी सर्व्हेला नाव लागल्याशिवाय जसं काही हलत नाही, तसंच तेही. मग वकील आणि व्हॅल्युअर (किंमत काढणारा) गाठून मार्चपर्यंत सध्या लागू असलेल्या १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची, म्हणजे लीज वाढवून मागायची, नोटीस द्या. किंमत नोटीस दिल्या दिवसाची धरतात, त्यामुळं पुढं वाटाघाटी लांबल्या तरी ८० ची भीती नाही. उत्तराला मालकाला किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याच्या उत्तरानंतर रकमेवर जमलं नाही, तर सहा महिन्यांच्या आत ट्रिब्युनलकडं, म्हणजे असले वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडं, अर्ज गेलाच पाहिजे. तो राहिला तर नोटीस मागं घेतली असं धरतात आणि पुढं बारा महिने दुसरी देता येत नाही. म्हणजे तू थेट ऐंशीच्या खाली. ही तारीख फ्रिजवर लाव, जावईबापूंच्या भरवशावर ठेवू नकोस. (हे त्यांना वाचून दाखवू नकोस.)

मालकाच्या वकिलाचा आणि व्हॅल्युअरचा वाजवी खर्चही आपणच द्यायचा, हे मी दोनदा वाचलं. पण तसंच आहे.

जमीनमालकाच्या एजंटाचं 'आपसात मिटवू' असं पत्र आलंय म्हणालीस. त्यात मुदत नुसती पुन्हा १२५ करून देतायत का, आणि चालू ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) राहतंय का, एवढं बघ. कायद्यानं गेलीस तर आहेत त्या वर्षांत ९० मिळवायची, म्हणजे १७० च्या वर, आणि ग्राउंड रेंट संपलंच. कागदावर भाडं म्हणून मिरीचा एक दाणा लिहितात! आपला गोकुळ शिरगावचा एमआयडीसीचा प्लॉट ९५ वर्षांच्या लीजवर आहे, त्याला वर्षाला एक रुपया. मला तेच फार कमी वाटायचं.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, एका दाण्यानं काय होतंय. कांदा-लसूण चटणीच्या पार्सलमध्ये तिनं पावशेर मिरी घातली आहे. पार्सल मंगळवारी जाईल. वकिलाची फी कळली की कळव, निम्मी मी पाठवतो.

तुझे,
बाबा