हस्तकलाप्रेमींची सहल आखताना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पर्यटनविषयक पानांवर बहुतेक वेळा किती दिवसांत किती ठिकाणे 'होतील', याचा हिशेब मांडलेला असतो. क्विल्ट, विणकाम, क्रोशा, सूतकताई अशा धाग्यांच्या कामांत रमणाऱ्या मित्रमैत्रिणींबरोबर मोटारीने भटकणाऱ्यांच्या तो काहीच उपयोगाचा नसतो. अशा सहलीची आखणी वेगळ्या अंगाने करावी लागते, हे अनुभवाने पटल्यामुळे हा पत्रप्रपंच.

क्विल्टमध्ये तीन थर असतात: वर तुकडे जोडून केलेले कापड, मध्ये भरण आणि खाली अस्तर. भरण जागचे हलू नये म्हणून तिन्ही थरांतून धावदोरा घातलेला असतो. त्यामुळे जाणकार बाई क्विल्टसमोर उभी राहिली, की आधी लांबून रंगसंगती पाहते, मग जवळ जाऊन एका इंचात किती टाके बसले आहेत ते मोजते, चार तुकड्यांचे कोपरे नेमके एका बिंदूत मिळाले आहेत का ते तपासते, आणि मागची बाजू पाहायला मिळाली तर गाठी कुठे दडवल्या आहेत ते शोधू लागते. इतर प्रवासी पाच मिनिटांत उरकतात त्या दालनात अशा मंडळींचा तास सहज जातो. म्हणून दिवसाला पाहण्याची दोनच ठिकाणे ठेवावीत, तिसरे ठेवूच नये, असे माझे ठाम मत आहे. (गाडीत सुईदोऱ्याशी काही देणेघेणे नसलेला एखादा सोबती असतोच, त्याच्यासाठी जवळपास दुसरे काही बघण्याजोगे हेरून ठेवावे. त्यात त्याच्यापेक्षा आपलीच सोय अधिक असते.)

धावत्या गाडीतूनच पाहायचे म्हणून मांडलेले क्विल्टही जगात आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या अ‍ॅडम्स काउंटीत डोना सू ग्रोव्ह्ज यांनी क्विल्ट करणाऱ्या आपल्या आईच्या सन्मानार्थ मांडलेल्या कल्पनेतून २००१ मध्ये शेतावरच्या कोठारांच्या भिंतींवर क्विल्टचे चौकोनी नमुने रंगवून लावायला सुरुवात झाली आणि ती प्रथा पुढे अनेक राज्यांत व कॅनडातही पसरली. मात्र हे लाकडावरचे रंगकाम आहे, त्याला ऊन चालते. खऱ्या कापडाला ते चालत नाही.

प्रकाशाने कापडाची होणारी हानी साठत जाते आणि ती भरून काढता येत नाही. त्यामुळे संग्रहालये वस्त्रांच्या दालनात सहसा ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपासच, म्हणजे मंद उजेड ठेवतात आणि काही काळ मांडलेली वस्त्रे पुन्हा अंधाऱ्या कोठीत विश्रांतीला पाठवतात. अमेरिकेतल्याच केंटकी राज्यातील पडुका येथे १९९१ पासून सुरू असलेले राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय असो, की एखाद्या लहान गावातली चार कपाटे असोत, ज्या एका वस्त्रासाठी आपण एवढा प्रवास करणार ते त्या आठवड्यात मांडलेले आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घेणे अगत्याचे आहे. आमच्या गटाने तर आता ही चौकशी केल्याशिवाय मार्गच ठरवायचा नाही, असा नियम केला आहे.

वाटेतल्या हातकामाबद्दलही थोडे लिहायला हवे. कागदी साच्यावर कापड टाचून षट्कोन शिवणे किंवा गोल सुयांवर मोजे विणणे गाडीत जमते. टकळीला मात्र लोंबायला मोकळी जागा लागते, तेव्हा ती मुक्कामावरच काढावी. पुढच्या आसनावर बसणाऱ्याने सुया हातात घेऊच नयेत, कारण एअरबॅग फुगली तर त्या सुया थेट अंगावर येतील. खरेदीत लोकर घ्यायची झाल्यास लागेल तेवढी एकाच रंगखेपेची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, एकदमच घ्यावी. पुढच्या खेपेची छटा किंचित वेगळी निघते आणि तेवढ्यासाठी कोणी पुन्हा तो रस्ता तुडवत नाही. घेतलेली कापडे मागच्या काचेखाली उन्हात रचून ठेवण्याची सवय तर या छंदातल्या माणसांना अजिबात शोभत नाही.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील गीज बेंड या गावाचा उल्लेख या संदर्भात करावासा वाटतो. नदीच्या वळणात वसलेल्या या गावातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या जुन्या, विटलेल्या कपड्यांतून क्विल्ट घडवले. गावकरी मतदारनोंदणीसाठी पलीकडे जाऊ लागले, त्या काळात, १९६२ मध्ये, तिथली फेरीबोट बंद झाली आणि पैलतीरी जायला लांबचा वळसा घ्यावा लागू लागला. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकी टपाल खात्याने या क्विल्टवर तिकिटे काढली. अशा ठिकाणी जाणाऱ्याने नमुन्याचे छायाचित्र घेण्याआधी करणारीची परवानगी घ्यावी आणि किमतीवर घासाघीस करू नये. ज्यांनी स्वतः एक तरी क्विल्ट पुरा केला आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागत नाही. बाकीच्यांना गाडीत बसतानाच सांगून ठेवावे.

आपल्या पर्यटन पानावर ठिकाणांची माहिती देताना तेथील वस्त्रसंग्रह कधी बदलला जातो, छायाचित्रणाचे नियम काय आहेत आणि कारागिरांना काम करताना पाहता येते का, एवढ्या तीन ओळी जोडता आल्या, तर या छंदाच्या वाचकांची मोठी सोय होईल. आपण याचा विचार करावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक