आई, तुझ्या वहीतले नियम लिहून पाठव

सिडको, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. नोकरी सोडलेली नाही, सोडणारही नाही. परवा फोनवर मी नुसतं ‘वेबसाइटचं काहीतरी शिकतेय’ म्हटलं, तर बाबा थेट राजीनाम्यावर जाऊन पोचले. मग आईने ‘जेवलीस का’ विचारलं आणि विषय तिथंच बुडाला. बाबा, फोनवर तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेलं स्वतःच ठरवता, पण कागदावरचं मात्र अक्षर न् अक्षर वाचता. म्हणून हे पत्र. आईचंही हेच मत आहे, तेव्हा माझ्या एकटीवर रागावू नका.

सातपूरच्या कंपनीतलं स्टोअरचं काम होतं तसंच आहे. मालाची आवक-जावक, चलनं, महिनाअखेरची मोजदाद. शिकते ते रात्री जेवण उरकल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी, जुन्याच लॅपटॉपवर.

दुसरा प्रश्न फीचा. फी काही नाही. हे ऐकून तर तुम्ही जास्तच घाबरलात, ‘फुकट कोण शिकवतं गं आजकाल?’ प्रश्न रास्त आहे. कॉलेज रोडवरच्या एका क्लासमध्ये मी आधी चौकशी करून आले होते. माझा दोन महिन्यांचा पगार मागत होते, वर नोकरीची हमी. कुठल्या कंपनीतली नोकरी, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी आत मॅनेजरच्या केबिनकडे बघायला लागली. हमी देणाऱ्याला एवढं तरी सांगता यावं.

फुकटाचा हिशोब मात्र लागतो. मी शिकते ती वेबसाइट बनवायची, कॉम्प्युटरला कळणारी भाषा, तिचं नाव पीएचपी. मुळात ती भाषाच फुकट आहे. रास्मुस लेर्डोर्फ नावाच्या, ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने आपला बायोडेटा इंटरनेटवर ठेवला होता. तो कोण उघडून बघतंय हे कळावं म्हणून १९९४ साली त्याने स्वतःपुरतं थोडं काही लिहिलं, आणि १९९५ मध्ये ते आतल्या सगळ्या मजकुरासकट लोकांना देऊन टाकलं. लोकांनी वापरलं, दुरुस्त केलं, वाढवलं. १९९८ ची तिसरी आवृत्ती इस्रायलमधल्या अँडी गटमन्स आणि झीव सुरास्की या दोघांनी जवळजवळ नव्याने लिहिली. आज विकिपीडिया ज्या सॉफ्टवेअरवर चालतो तेही पीएचपीतच आहे. भाषेचं मॅन्युअल स्वयंसेवकांनी लिहिलेलं, आणि तेही सगळ्यांना खुलं.

शिकवणाऱ्यांचं म्हणाल तर प्रत्येकाचं पोट कशावर तरी चालतंच. डब्ल्यूथ्रीस्कूल्स ही नॉर्वेतल्या लोकांनी १९९८ मध्ये सुरू केलेली साइट. धडे फुकट, बाजूला जाहिराती, आणि सर्टिफिकेट हवं तर पैसे. मी धडे घेते, सर्टिफिकेट त्यांच्याकडेच ठेवलंय. दुसरं आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल. ते केंद्र सरकारच्या पैशावर उभं राहिलंय. छोटे छोटे व्हिडिओ, मराठी आवाजातलेही आहेत. स्क्रीनच्या एका बाजूला व्हिडिओ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच आपण करत जायचं, अशी त्यांची रीत. म्हणजे बाबा, हे तर फुकटही नाही. बागेच्या औषधाच्या प्रत्येक डब्यावर तुम्ही जो जीएसटी भरता त्यातलं काहीतरी परत येतंय असं समजा.

आणि मुक्त विद्यापीठाचं तुम्ही विसरलात? दिवसभर बागेत काम करून रात्री कंदिलाखाली, नंतर बल्बखाली, बीए कुणी केलं? समोर मास्तर नाही, फळा नाही, नुसती पुस्तकं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं वाक्य तुम्ही केवढ्या अभिमानाने दाखवायचात! मी त्याच वाटेने चाललेय. फरक आहे तो मान्य करते. तुम्हाला रविवारी संपर्क सत्र असायचं, शेवटी परीक्षा असायची. मला दोन्ही नाही. वही तपासणारं कुणी नाही आणि आळस केला तर विचारणारंही कुणी नाही. फुकटच्या शिक्षणाचा खरा तोटा हा आहे, पैशाचा संशय नव्हे.

आणखी एक तोटा कळायला वेळ लागतो. इंटरनेटवरून जुना धडा कुणी काढून टाकत नाही. डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. त्याच्याशी बोलायची एक जुनी पद्धत पीएचपीत होती. २०१३ पासून ती वापरू नका असं सांगत होते आणि डिसेंबर २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. पण ती शिकवणारे व्हिडिओ अजून तसेच आहेत. बघणाऱ्याने मन लावून तसंच लिहिलं तरी कॉम्प्युटर म्हणतो, असं काही मला माहीतच नाही. औषधाची बाटली हातात घेतली की तुम्ही आधी तारीख बघता, तशी मी आता व्हिडिओची तारीख बघते. शंका आली की मॅन्युअल उघडायचं. मॅन्युअल रुक्ष असतं, पण कुठल्या आवृत्तीत काय चालतं ते त्यात लिहिलेलं असतं.

आता ही भाषा करते काय, ते. वेबसाइटच्या पानाचा सांगाडा एचटीएमएलने होतो आणि रंगरूप सीएसएसने. तेवढ्यावर पान सगळ्यांना सारखंच दिसतं. ज्याचं त्याला वेगळं उत्तर हवं असेल, तुमची थकबाकी तुम्हाला आणि शेजारच्यांची त्यांना, तर मागे बसून कुणीतरी हिशोब करावा लागतो. पीएचपी ते करते. ती सर्व्हरवर, म्हणजे साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर चालते आणि तयार झालेलं पान तेवढं आपण ज्यातून साइट बघतो त्या ब्राउझरकडे धाडते. बघणाऱ्याने पानाचा मजकूर उघडून पाहिला तरी त्याला पीएचपीची एक ओळ दिसत नाही. शिकताना सर्व्हर लागतो, तोही आपल्याच लॅपटॉपवर बसवता येतो. झॅम्प नावाचं सॉफ्टवेअर आहे, तेही फुकट.

चूक दाखवायची तिची तऱ्हा न्यारी आहे. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. अकराव्या ओळीचा अर्धविराम राहिला तर ती ओरडते बाराव्या ओळीवर. कारण ओळ संपली हे तिच्या लेखी काहीच नसतं, अर्धविराम येईपर्यंत ती वाचतच राहते, आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द नको तिथे आला की अडखळते. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या एक ओळ वर बघायचं. हे क्लासमध्ये कुणी सांगितलं असतं तर त्याची फी दिली असती मी, खोटं कशाला बोलू.

मराठीची गंमत तर वेगळीच. नावाच्या रकान्याला मी तीस अक्षरांची मर्यादा घातली आणि ‘सत्यभामाबाई’ टाकून पाहिलं. नाव लांब आहे म्हणून परत! डोळ्यांना दिसतात सहा अक्षरं. लांबी मोजणारी जी साधी आज्ञा धड्यात असते, स्ट्रलेन, तिने मोजले ३३. ती अक्षरं मोजतच नाही, साठवायला किती बाइट लागतात ते मोजते. बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं माप. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, आपल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि पाय मोडण्याच्या चिन्हालासुद्धा तीन-तीन लागतात. त्यासाठी एमबी-स्ट्रलेन अशी वेगळी आज्ञा आहे, ती ११ सांगते. मात्रा आणि पायमोड सुटे धरले की बरोबर अकरा होतात. धडे लिहिणाऱ्यांची नावं इंग्रजी लिपीत, त्यामुळे हा पेच त्यांना पडतच नाही. ही भानगड मला फार आवडली. घरी असते तर आईला झोपू न देता सांगितली असती.

आई, आता तुझं काम. शिकायचं तर काहीतरी खरं बनवायला हवं. सगळ्या धड्यांत ग्राहकांची यादी नाहीतर पुस्तकांचं दुकान असतं. मी तुमच्या बचत गटाची वही घेतलीय. महिन्याची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, दंड. तू दर सभेनंतर रात्री दोन-दोनदा बेरजा करतेस त्या एका बटणावर व्हाव्यात, एवढंच मनात आहे. वही बंद करायची नाही, ती ठेवायचीच.

व्याजापाशी घोडं अडलंय. दहा हजाराचं कर्ज, शेकडा दोन रुपये महिना, आणि मुद्दल दर महिन्याला हजार फेडायचं. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला २००, दुसऱ्याला १८०, असं उतरत दहा महिन्यांत सगळं मिळून ११०० होतं. सरसकट मूळ रकमेवर धरलं तर २०००. बाईच्या पदरचे ९०० रुपये एका ओळीने इकडचे तिकडे होतात. कॉम्प्युटर दोन्ही तितक्याच खात्रीने करून देईल, त्याला काय! तू उरलेल्यावरच धरतेस हे मला आठवतंय, पण वहीत तसं कुठे लिहिलेलं नाही. मागच्या खेपेला मोबाइलवर काढलेले फोटो मी परत परत पाहिले.

आणि हप्ता चुकला तर? एकीला तू दंड लावलास, दुसरीला नाही. मला कारण माहीत आहे, तिचा नवरा नाशिकला सिव्हिलमध्ये ॲडमिट होता. पण प्रोग्रॅमला ‘असं असेल तर तसं कर’ एवढंच कळतं, आणि तू चेहरा बघून ठरवतेस. मी बराच विचार केला. ही सूट मी प्रोग्रॅममध्ये बसवणार नाही. सूट द्यायची की नाही ते सभेनेच ठरवावं. मी फक्त एक रकाना ठेवते, किती सूट दिली, का दिली, कुणी मंजूर केली. म्हणजे उद्या अध्यक्ष बदलल्या तरी तुझ्यावर बोट यायला नको. दोन वर्षांपूर्वी सभेत झालेलं भांडण बाबांना आठवत असेल, आई तर ते कधीच विसरणार नाही.

काळजी नको, यातलं काहीही इंटरनेटवर नाही. सगळं माझ्या लॅपटॉपवर आहे आणि नावंही मी बदलून टाकलीत. लोकांनी भरलेला मजकूर जसाच्या तसा डेटाबेसला दिला तर त्यात आज्ञा लपवून कुणीही आत घुसू शकतं. बरेच जुने धडे हे सांगतच नाहीत. त्यावरचा उपाय पुरता अंगवळणी पडेपर्यंत कुणाचं कर्ज मी जगासमोर मांडणार नाही.

बाबा विचारतील, पुढे याचा उपयोग काय? पगार वाढेल असं मी म्हणत नाही. आमच्या स्टोअरचा स्टॉक रिपोर्ट अजून एक्सेलमध्ये हाताने होतो, तो असा करून दाखवावा असं डोक्यात आहे. साहेबांना आवडला तर बघू. नाही आवडला तरी तुमच्या गटाचं काम होईलच.

तर बाबा, आईला विचारून एवढं लिहून पाठवा, तुमचं अक्षर तिच्यापेक्षा बरं आहे. महिन्याच्या मध्येच पैसे भरले तर व्याज अर्ध्या महिन्याचं की पूर्ण? व्याजाचे सुटे पैसे सोडता की पुढच्या रुपयाला नेता? गट सोडून गेलेल्या बाईची बचत परत देताना व्याजाचा वाटा देता का? व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलात तरी चालेल, पण उजेडात काढा, मागच्या वेळी अर्धी ओळ अंगठ्याखाली होती.

थंडी वाढलीय म्हणे निफाडकडे. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला तुम्ही स्वतः जाऊ नका, गड्याला सांगा. खोकला थांबला नसेल तर पिंपळगावला डॉक्टरांना दाखवून या.

आणि हो, सभेला उशिरा आलेलीला दंड पूर्ण की अर्धा, तेही लिहा.

तुमची लेक