पुलाखालच्या तालमीतून

ब्रुकलिन, न्यूयॉर्क

प्रिय पक्या,

पत्र मिळालं. "तिकडे बॉक्सिंग अजून गरिबांचंच आहे, की तेही आता पैसेवाल्यांनी घेतलं?" असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय. पत्र लांबेल, सवडीनं वाच.

मी जातो त्या जिमचं नाव ग्लीसन्स. १९३७ साली न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागात पीटर गॅग्लियार्डी नावाच्या इटालियन माणसानं ते काढलं. तेव्हा बॉक्सिंगचा प्रेक्षक मुख्यतः आयरिश, म्हणून त्यानं स्वतःचं नाव बॉबी ग्लीसन करून घेतलं आणि तेच पाटीवर लावलं. त्याच वर्षी जूनमध्ये जो लुईस हेवीवेटचा जगज्जेता झाला. त्याच्या आधीचा कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन. त्यानं १९०८ मध्ये किताब जिंकला, आणि १९१० मध्ये 'गोऱ्यांची आशा' म्हणून परत उतरवलेल्या, निवृत्त झालेल्या गोऱ्या जगज्जेत्या जिम जेफ्रीजला हरवलं, तेव्हा अमेरिकेतल्या किती तरी शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. १९१५ मध्ये जॉन्सनचा किताब गेला. त्यानंतर २२ वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला या किताबासाठी रिंगमध्ये पाऊल ठेवू दिलं नाही. हॅरी विल्ससारखा तगडा कृष्णवर्णीय माणूस तेव्हाचा गोरा जगज्जेता जॅक डेम्प्सीशी लढायची वाट बघत म्हातारा झाला.

इथल्या रिंगमध्ये कोण उतरलं हे पाहत गेलास तर शहरात तळाला कोण होतं ते कळतं. आधी आयरिश, मग लोअर ईस्ट साइडच्या ज्यू वस्तीतला बेनी लिओनार्ड आणि त्याच्यासारखे कितीतरी, मग ब्रॉन्क्सचा जेक लामोटा आणि इतर इटालियन पोरं, मग कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन. ज्या समाजाला नोकऱ्या, युनियन, पोलिसातली भरती आणि घरासाठी कर्ज मिळालं, त्याची पोरं पुढच्या पिढीत रिंगमधून बाहेर पडली. कृष्णवर्णीयांना मात्र बाहेर पडायची वाटच ठेवली नव्हती. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात रंगवल्या. तिथे कर्ज धोक्याचं, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर गोऱ्या कामगाराला उपनगरात सरकारी हमीवर घर मिळत होतं, तेव्हा ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीतल्या कृष्णवर्णीय कामगाराला त्याच पगारावर ते मिळत नव्हतं. म्हणून "त्यांच्यात बॉक्सिंग रक्तातच असतं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. इतरांना ज्या दारांतून बाहेर जाता आलं ती दारं यांच्यासाठी बंद होती, एवढंच त्यात आहे.

आता जिमच्या जागेचं ऐक. ब्रॉन्क्सची जागा १९७० च्या दशकात गेली, जिम मॅनहॅटनला आलं. तिथेही टिकता आलं नाही, तेव्हा १९८० च्या दशकाच्या मध्याला ते नदी ओलांडून ब्रुकलिनला, मॅनहॅटन ब्रिजच्या खाली आलं. या भागाला आता डम्बो म्हणतात. पूर्वी इथे गोदामं आणि कारखाने होते. रॉबर्ट गेअरचे पुठ्ठ्याच्या खोक्यांचे कारखाने इथेच. शेजारी नौदलाची गोदी होती, ती १९६६ मध्ये बंद झाली. तेव्हाच्या ब्रुकलिनमध्ये शिक्षण नसलेल्या माणसाला पोट भरेल असं काम मिळे ते अशा ठिकाणी, आणि ते एकापाठोपाठ एक मिटत गेलं. रिकाम्या गोदामांत चित्रकार राहायला आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड वॉलेंटस या बिल्डरनं इथल्या इमारतींचा मोठा गठ्ठा सुमारे सव्वा कोट डॉलरना उचलला. १९९० च्या दशकाअखेर इथे राहण्यासाठी फ्लॅट बांधायची परवानगी मिळाली आणि भाव चढले ते चढतच राहिले. आज त्याच फरसबंदी गल्ल्यांत लोक पुलाचा फोटो काढायला रांग लावतात. जिम याच भागात आहे, पण तेही काही वर्षांपूर्वी फ्रंट स्ट्रीटवरून वॉटर स्ट्रीटला हललं. पुलावरून मेट्रो गेली की खाली रस्त्यावर बोलणं थांबवावं लागतं.

तू म्हणशील, भाव एवढे चढले तर जिम टिकलं कसं? तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथेच आहे.

कोच जिमचे पगारी नोकर नसतात. ते जिमला ठरावीक रक्कम देतात आणि आपापले शिष्य स्वतः मिळवतात. व्यावसायिक मुष्टियोद्धा लढला की त्याच्या मानधनातला दहावा हिस्सा कोचला द्यायची रीत आहे. पण नवख्या पोराला चार राउंडच्या लढतीचे मिळतात किती? त्याच्या दहाव्या हिश्शात कोचचं घरभाडं निघत नाही. हौशी पोरांकडून तर बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. मग कोच जगतो कशावर? वकील, बँकवाले, आर्किटेक्ट, आणि आपल्यासारखे कॉम्प्युटरवाले तासावर पैसे मोजून शिकायला येतात, त्यांच्यावर. १९८० च्या दशकाअखेर ग्लीसन्समध्ये अशा ऑफिसवाल्यांच्या आपसातल्या लढतीही सुरू झाल्या आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. म्हणजे ज्या पैशानं हा भाग महाग केला तोच पैसा जिम चालवतो, आणि त्याच पैशावर कोच संध्याकाळी पोरांना फुकट शिकवतो. यात कुणी लबाड नाही. मला काळजी आहे ती हिशोब फक्त असाच जुळतो याची.

सकाळी ऑफिसला जाण्याआधी येतो तो वर्ग जवळजवळ सगळा गोरा, थोडे आपण आशियाई. दुपारनंतर लढणारी पोरं येतात, शाळा सुटल्यावर त्यांच्याहून लहान. रिंग तीच, घंटा तीच, तीन मिनिटं काम आणि एक मिनिट विश्रांती. स्पॅरिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, तुझा पगार कुणी विचारत नाही. डावा हात खाली आला की सगळ्यांच्याच नाकावर सारखीच बसते. हे प्रेम खरं आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं माझ्या हाताच्या पट्ट्या सोडून पुन्हा नीट बांधून दिल्यात, अंगठ्याखाली वळसा कसा घ्यायचा ते दोनदा दाखवलं. शहरात दुसरीकडे कुठे तो आणि मी इतके जवळ बसलो असतो?

पण हे सगळं दारापर्यंतच. माझा कोच कृष्णवर्णीय, पन्नाशीचा, ब्रुकलिनच्याच ब्राउन्सव्हिल वस्तीत वाढलेला. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलाय. १९७३ च्या ड्रग्जविरोधी कायद्यांनी न्यूयॉर्कमधली त्याच्या वयाची अशी किती पोरं लहान गुन्ह्यासाठी मोठ्या शिक्षेवर गेली! बाहेर आल्यावर गोदामात, दुकानात, कुठेच त्याला कुणी ठेवून घेईना. जिममध्ये मात्र कागद कुणी मागितला नाही, डाव येतो का एवढंच पाहिलं. आता गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट सांगतो. त्याच्याकडे येणाऱ्या काही ऑफिसवाल्यांना त्याचा तुरुंगच हवा असतो. "तो खरा रस्त्यावरचा माणूस आहे" असं मित्रांना कौतुकानं सांगतात. नोकरीच्या दारात ज्या भूतकाळानं त्याला मागे ढकललं तोच इथे गिऱ्हाइकाला ओढतो. कोचला हे पुरतं माहीत आहे. सकाळच्या वर्गात तो मुद्दाम आवाज चढवतो, दरडावतो, कारण त्यांना तेच हवं असतं. दुपारी पोरांशी बोलताना त्याचा आवाज अगदी हळू असतो. "पाय बघ, पाय," एवढंच म्हणत रिंगभोवती फिरतो.

आणि बाहेर? घाम गाळत पळणारा मी म्हणजे फिटनेस, आणि तोच घाम, तेच हूड घातलेलं पोर पळालं की पोलीस. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी रस्त्यावर ६,८५,००० हून अधिक वेळा लोकांना अडवलं. त्यातले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, आणि दहापैकी जवळजवळ नऊ जणांकडून काहीच निघालं नाही. २०१३ मध्ये न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. कोच सांगतो, त्या वर्षांत पोरांना तो बजावायचा, ग्लोव्हज पिशवीत वरच ठेवा, चेन उघडली की आधी तेच दिसले पाहिजेत. खेळाडू असल्याचा पुरावा!

जिमपासून चालत थोड्या अंतरावर फॅरागट हाउसेस आहेत. १९५२ मध्ये पुऱ्या झालेल्या, तेरा-चौदा मजल्यांच्या दहा सरकारी इमारती. साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं, रहिवासी बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. डम्बोचे काचेचे बुरूज आणि या इमारती यांच्यात खरं तर एक-दोन रस्तेच. २०१५ मध्ये शहरानं ठरवलं की डम्बोतल्या मुलांना ब्रुकलिन हाइट्समधल्या गर्दी झालेल्या, बहुतांश गोऱ्या पीएस ८ शाळेऐवजी फॅरागटची मुलं जातात त्या पीएस ३०७ मध्ये घालायचं. केवढा गदारोळ झाला! डम्बोतले पालक निकालाचे आकडे काढून भांडले. फॅरागटच्या आयांची भीती वेगळी होती. आम्ही वर्षानुवर्षं सांभाळलेली शाळा उद्या यांचीच होईल, आमच्या पोरांना कोपऱ्यात बसवतील, असं त्या म्हणत होत्या. जानेवारी २०१६ मध्ये बदल मंजूर झाला. पक्या, मला त्या आयांचं म्हणणं पटतं. दोन्ही बाजूंना भीतीच होती असं म्हणून सोडून देता येत नाही. एका बाजूला दुसरी शाळा शोधायला पैसा होता, दुसऱ्या बाजूला होती ती एकच शाळा.

आपली माणसं यात कुठे आहेत तेही सांगतो. न्यू जर्सीतले आपले मराठी लोक मला प्रेमानं सांगतात, "त्या बिल्डिंगांच्या बाजूनं जाऊ नकोस हं." सांगणाऱ्यानं तिथे पाऊल ठेवलेलं नसतं. लहानपणी आपल्याला कुठल्या गल्लीत खेळायला जायची बंदी होती आणि ती का होती, हे तू विसरला नाहीस. तिथला जातीचा हिशोब इकडे येताना सामानातून उतरला नाही, त्यानं इथल्या वर्णाचा हिशोब पटकन शिकून घेतला. १९७२ साली मुंबईत दलित तरुणांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आपल्या संघटनेचं 'दलित पँथर' हे नाव घेतलं. त्यांना आपल्या दुःखाचे भाऊबंद एवढ्या लांबून ओळखता आले, आणि दोन रस्त्यांच्या अंतरावर असलेल्या आम्हाला ओळखता येत नाहीत.

जिममधली पोरं आता फॅरागटची थोडी आणि लांबची जास्त. २०१० ते २०२० या काळात एकट्या बेडफर्ड-स्टायव्हसंटमध्ये कृष्णवर्णीय २२,००० हून अधिक घटले आणि गोरे ३०,००० हून अधिक वाढले. घरं ब्रुकलिनच्या पूर्व टोकाला, ईस्ट न्यूयॉर्क वस्तीकडे सरकली, काही थेट पेनसिल्व्हेनियात किंवा दक्षिणेत, जिथून त्यांचे आजे-आज्या कधी आले होते. जी पोरं अजून येतात ती गाड्या बदलत येतात आणि अभ्यास गाडीत करतात. आणि भिंतीवर, टीव्हीवर, सगळीकडे त्यांना एकच ऐकवलं जातं की मेहनत करणारा वर येतो. मेहनत तर ती करतातच, माझ्या डोळ्यांसमोर. नोकरी शहरानं काढून घ्यायची, घर महाग करायचं, शाळा रिकामी ठेवायची, आणि मग सगळं निस्तरायचं ओझं एका जिमवर आणि पोराच्या खांद्यावर टाकायचं, हे मला मान्य नाही. बॉक्सिंगनं शिस्त येते हे मी शपथेवर सांगेन. शिस्तीनं भाडं भरता येत नाही.

गिरणगावात वाढलेल्या तुला हे नवं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर अडीच लाख घरांत काय झालं ते आपण पाहत मोठे झालो. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश घरांसाठी होता. २००१ मध्ये तो हिशोब फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता केला आणि मैदानंही गेली, घरंही. म्हणूनच तुमच्या वाडीच्या पुनर्विकासात व्यायामशाळेला "तळमजल्यावर जागा देऊ" असं बिल्डर तोंडी म्हणतोय हे वाचून मी अस्वस्थ झालो. तोंडी घेऊ नका. किती चौरस फूट, कुणाच्या नावावर, देखभाल कोण भरणार आणि बाहेरच्या पोरांना प्रवेश राहणार का, हे करारात लिहून घ्या. यातलं शेवटचं कलम सगळ्यात आधी गळतं. नवे रहिवासी ट्रेडमिल आणतील, फी लावतील, आणि पलीकडच्या चाळीतलं पोर वॉचमनच्या केबिनपाशी अडेल. ग्लीसन्स टिकलं, पण एवढ्या वर्षांत स्वतःच्या मालकीचं छत मिळालं नाही म्हणून तीनदा शहरभर फिरलं. तुमच्याकडे निदान आज सही करायच्या आधी बोलायची ताकद आहे. मसुदा मला पाठव. इथे एक वकील रोज सकाळी शेजारच्या पंचिंग बॅगवर असतो, त्याला भाड्याच्या करारांतली कलमं दाखवून विचारता येईल. आपला कायदा वेगळा आहे, पण कुठे फसवतात ते त्याला कळेल.

माझ्या हाताच्या पट्ट्या बांधून देणारं ते पोर पुढच्या महिन्यात हौशी स्पर्धेत उतरतंय. त्याची आई रात्रपाळी करून थेट येणार आहे. तिच्यासाठी पुढची खुर्ची मी धरणार आहे. निकाल कळवीन.

मावशींच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरलं ते लिही. घरी सगळ्यांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
बंड्या